रडणाऱ्या बाईला कोणी अडवत नाही

जमुने,

तुझा फोटो शाळेच्या ग्रुपवर साहेबांनीच टाकला. सगळ्यांच्या आधी. झेंडूच्या फुलांची चौकट, खाली दोन समया आणि मजकूर असा: ‘आमच्या संस्थेच्या मितभाषी, मनमिळाऊ व आज्ञाधारक शिक्षिका...’ मितभाषी! जमुना राठोड मितभाषी! फाट्यावर तू बोलायला लागलीस की पलीकडच्या टपरीवाल्याला ऐकू जायचं, आणि आज्ञा तर तू स्वतःच्या नवऱ्याचीही कधी पाळली नाहीस. बघता बघता त्या फोटोखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तव्यावरची पोळी करपली तरी मी फोन हातात धरून उभी. आणि खरं सांगू का, आधी रडू आलंच नाही. आधी वाटलं, तुला फोन लावावा आणि म्हणावं, बघ गं, मेल्यावर तरी तुला आज्ञाधारक करून घेतलं साहेबांनी. नंबर काढला, बोट ठेवलं, आणि मग कळलं.

सगळे म्हणतात, मॅडमची आठवण येत असेल. आठवण कसली येते? राग येतो. तू भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस. छातीत कळ आली, गाडी मिळाली, हिंगोलीच्या अलीकडेच सगळं संपलं, असं तुझ्या नवऱ्याने सांगितलं. मी त्याला विचारलं, काही बोलली का? तो म्हणाला, ‘बकऱ्या सोडायच्या राहिल्या, एवढंच बोलली.’ माझ्यासाठी एखादा निरोप ठेवायचीही तुला सवड झाली नाही.

आपली जोडी बाहेरच्यांना गमतीची वाटायची. तू पुसेगावकडच्या तांड्यावरची, मी कळमनुरीच्या बौद्धवाड्यात वाढलेली आणि आता हिंगोलीत राहणारी. शाळेत पहिली-दुसरी आपल्या दोघींकडे. पहिलीच्या वर्गात निम्मी लेकरं बंजारा तांड्यांवरची, तुमची गोरमाटी बोलणारी. त्यांना ‘पाणी’ आणि ‘आई’ यांच्या पलीकडचं मराठी येईना आणि मला त्यांचं काही कळेना, तेव्हा तू दारात उभी राहून पोट धरून हसली होतीस. ‘सुजाबाई, लेकरू लघवीला चाललं म्हणून राहिलं, अन तू त्याला पाढे म्हणायला लावून राहिली!’ मग तूच शिकवलंस. डबा खाताना एकेक शब्द. चुकले की तुझ्या ठेच्याचा गोळा माझ्या भाकरीवर. जिभेला आग लागली की शब्द पक्का बसतो, हे तुझं शिक्षणशास्त्र.

साहेब म्हणजे आपल्या संस्थेचे सचिव. मालक म्हणायचं नाही, सचिव म्हणायचं. शिक्षिकांना ते ‘बेटा’ म्हणायचे आणि केबिनचं दार लोटून घ्यायचे. कुणाची मान्यता अडकलेली, कुणाचा पगार सुरू व्हायचाय, कुणी नुसतीच तासिकेवर. म्हणजे प्रत्येकीची दोरी त्यांच्या हातात. स्टाफरूममध्ये शहाणी माणसं काय सांगायची? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. शाळेच्या भिंतीवर महिला तक्रार समितीचा फलक होता, अजूनही आहे. अध्यक्षा मुख्याध्यापिकाबाई. आणि मुख्याध्यापिकाबाई म्हणजे साहेबांची सख्खी वहिनी. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं तर दाद कुणाकडे मागायची?

म्हणून आपण बायांनी आपली एक रीत पाडली होती. कुणी ठरवली नाही, कुणी सांगितली नाही. एकीला केबिनमध्ये बोलावलं की दुसरीने काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायचं. खडू संपलेत. पोरगं पडलंय. नळाला पाणी नाही. यात तुझा हात धरणारी कुणी नव्हती. नव्या जोशीबाईंना बोलावलं तेव्हा तू चप्पल वाजवत गेलीस, दार ढकललंस आणि साहेबांना म्हणालीस, ‘साहेब, बकरीचं दूध घेता का? पोटाला बराबर राहते. उद्यापासून आणते.’ साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी तू खरंच तांब्याभर दूध आणून त्यांच्या टेबलावर ठेवलंस. नंतर स्टाफरूममध्ये आपण इतक्या हसलो की शिपाई बघायला आला. आता वाटतं, आपण इतक्या हसायलाही नको होतं. हसून हसून आपल्याला त्या दाराची सवय झाली.

मला ती रीत कधी पटली नाही, तुला माहीत आहे. किती दिवस मागोमाग जायचं? ज्या दिवशी दुसरी रजेवर असेल त्या दिवशी काय? माझे वडील बौद्धवाड्यातल्या सगळ्यांचे अर्ज लिहायचे. नळाचा, वाटेचा, शिष्यवृत्तीचा, फौजदाराच्या मारहाणीचा. आमच्या घरात पाहुण्याला आधी पाणी, मग पाट आणि तिसरी गोष्ट कोरा कागद मिळायचा. वडील म्हणायचे, बोललेलं नाकारता येतं, लिहिलेलं नाकारायला त्यांनाही लिहावं लागतं. मी त्या घरची मुलगी. तुझं उलटं. ‘आमचं सारं तोंडात हाय, सुजाबाई. गाणं तोंडात, देव तोंडात, भांडण तोंडात. कागद तुमचा.’ तू डी.एड. झालेली बाई, अक्षर माझ्यापेक्षा सुंदर, आणि तरी असं बोलायचीस. मला चिडवायलाच बोलायचीस, हेही कळायचं.

मग तू सपनाला आणलंस.

डोंगरकड्याकडचा तुझा माहेरचा तांडा, तिथल्या चुलतभावाची पोरगी. तुला आत्या म्हणणारी. शिकलेली, गोड गळ्याची, खो-खोत चपळ. तासिकेवर जागा निघाली तेव्हा तू स्वतः साहेबांकडे शब्द टाकलास. मी म्हटलं होतं, सगळं माहीत असून पोरीला इथे? तू म्हणालीस, ‘मग कुठं न्यायची? कोणत्या शाळेत साहेब न्हाई ते सांग, तिथं नेते.’  सपना माझ्या गल्लीत खोली घेऊन राहिली. सकाळी आम्ही दोघी बरोबर निघायचो, फाट्यावर तू भेटायचीस, आणि तिथून शाळेपर्यंत तुमचं गोरमाटीत जे सुरू व्हायचं ते पावसासारखं थांबायचं नाही.

दिवाळीनंतर साहेबांनी तिला मान्यतेच्या कामाला जिल्ह्याच्या कचेरीत चला म्हणून स्वतःच्या गाडीत नेलं. त्या दिवशी तू तांड्यावर लग्नाला, मी परीक्षेच्या कामावर. मागोमाग जायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. शिकवलं. डबा खाल्ला नाही. काय झालं ते मला आधी दिसलंच नाही, तुला दिसलं. तू म्हणालीस, ‘तिच्या साडीला पिना बघ.’ खांद्याला, कमरेला, निऱ्यांना, पदराला. जिथे एक लागते तिथे तीन. अंगावर साडी नाही, कुलूप घालून आल्यासारखी. तिच्याकडून ‘काही नाही मॅडम’ याच्यापुढे शब्द निघेना. आणि साहेब तिला हाक मारताना ‘बेटा’ म्हणायचे थांबले. त्यावरून मला सगळं कळलं.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत. फाट्यावर, स्टाफरूममध्ये, फोनवर. मी म्हणायचे, जिल्ह्याची समिती आहे, शाळेच्या फलकावर अवलंबून राहायची गरज नाही, मी अर्ज लिहिते, तिने नुसती सही करावी. मुदत असते या गोष्टींना, दिवस चाललेत. तू म्हणायचीस, थांब.

‘कशाला थांबायचं? तो दुसरीला गाडीत घालेपर्यंत?’

‘तिच्या तोंडून आलं न्हाई अजून. तू लिवशील ते तुझं राहील. तिथं त्यायनं विचारलं, बाई, काय झालं, अन ती म्हणली काही न्हाई, मंग?’

‘मग आपण तिला बोलतं करू.’

‘कसं करशील? धरून? आधी एकानं धरलं, आता तू धर.’

हे मला झोंबलं. पण तुझं थांबणंही मला सहन होत नव्हतं. मला वाटायचं, तू घाबरलीस. पोरगी तू आणलीस, भावाला काय तोंड दाखवायचं म्हणून घाबरलीस. आणखी एक शंका मनात होती, ती तर मी कधी उच्चारली नाही. तू या शाळेत लागलीस तेव्हा तूही सपनाएवढीच होतीस. तेव्हा तुझ्या मागोमाग जायला कोण होतं? कळमनुरीच्या बाजारात एकदा मी विषय काढला होता. म्हटलं, जमुने, तुझ्या वेळी साहेब कसे होते गं? तू वांगी निवडत होतीस. ‘ही किडकी दिसून राहिली, पलीकडं चल,’ म्हणालीस आणि चालू लागलीस. वांगी चांगली होती. मी नंतर तिथूनच घेतली.

आपलं शेवटचं बोलणं शनिवारचं. सकाळची शाळा सुटलेली, तू फाट्यावर गाडीची वाट बघत होतीस. मी पुन्हा तेच काढलं. तू भडकलीस. ‘तू अर्ज लिव अन खाली सही बी तूच कर. तिच्या अंगावरची गोष्ट हाय ती, सुजाबाई, तुझ्या न्हाई.’ आणि मी म्हटलं, ‘बरं, मी लिहिते. तू बकऱ्या राख.’ तू गाडीत चढलीस, वळून पाहिलं नाहीस. हे असं आहे बघ. इतक्या वर्षांचं आपलं बोलणं आणि त्यात शेवटचा शब्द बकऱ्या. माझाही आणि तुझाही.

तुझ्या तांड्यावर मी आणि सपना दुपारी पोचलो.  अंगणात तुला ठेवलं होतं. बाया वेशीपासूनच हेल काढून येत होत्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. ते रडणं मला नवं नव्हतं. तुझ्या आईच्या वेळी मी आले होते तेव्हा तूच मला समजावलं होतंस. या रडण्याला चाल असते, ओळी असतात, गेलेल्या माणसाशी बाई त्यातून बोलते. एरवी सासूपुढे, दिरापुढे जे बोलता येत नाही तेही तिथे बोलते, आणि ज्याला लागायचं त्याला ते लागतं. ‘रडणाऱ्या बाईला कोणी अडवत न्हाई,’ असं तू म्हणाली होतीस. ‘अडवणाऱ्याला पाप लागते.’

साहेबही आले. पांढऱ्या गाडीतून, मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन, हातात मोठा हार. तुझ्या पायांना हात लावला, हार ठेवला, डोळ्यांना रुमाल लावला आणि पुरुषांच्या खुर्च्यांत पुढे जाऊन बसले. माझ्या शेजारी सपना उभी होती. तिने तो हात तुझ्या पायांना लागताना पाहिला. मग ती पुढे गेली, तुझ्या थोरल्या लेकीच्या गळ्यात पडली आणि तिने हेल काढला.

पहिल्या ओळी सगळ्याच बाया म्हणतात तशाच होत्या. आत्ये, तू मला टाकून चाललीस. आत्ये, माझ्या माहेराचं झाड गेलं. आणि मग त्याच चालीत, आवाज न बदलता, ती पुढे बोलत गेली. आत्ये, तू मला शाळेच्या दारात सोडलंस, आतलं तुला कुणी सांगितलं नाही. आत्ये, मला पुढच्या सीटवर बसवलं, मागच्या सीटवर फायली ठेवल्या. फाट्यावरून गाडी शेतातल्या धुऱ्याच्या वाटेला घातली. आत्ये, दार उघडेना. माझ्या तोंडावर हात ठेवला, हाताला अत्तराचा वास. आत्ये, मी पाहिलं, तोच हात आज तुझ्या पायाला लागला.

गोरमाटीत. सगळं गोरमाटीत. तुझ्या माहेरचा तांडा होता, सासरचा तांडा होता, आणि सगळ्यांना शब्द न् शब्द कळत होता. आधी बायांचं रडणं थांबलं. मग पुरुषांच्या बाजूला लाकडांचं, गाडीचं जे बोलणं चाललं होतं ते एकेकाचं थांबत गेलं. सपनाचा बाप उभा होता तो खाली बसला. पुरुषांत एकाला तेवढं काही कळत नव्हतं. तो रुमाल डोळ्यांना लावून, मान हलवून, पोरीच्या दुःखाला दाद देत बसला होता. पोरगी त्याच्यासमोर त्याचंच सांगत होती, आणि तो ‘अरेरे’ म्हणत होता.

तिला कुणी अडवलं नाही. तिचं संपेपर्यंत कुणी हललंही नाही.

ती थांबल्यावर साहेब उठले. शाळेतर्फे दोन शब्द बोलायचे होते त्यांना. ‘जमुना मॅडम म्हणजे आमच्या शाळेची माउली...’ एवढं झालं आणि तुझी सासू उठली. इतकी म्हातारी बाई, एरवी माझ्याशीसुद्धा मराठीत बोलायची नाही. त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलली. ‘साहेब, तुमचा हार उचला. आमच्या सुनेला न्हाई पाहिजे.’ साहेब गोंधळले, हसल्यासारखं केलं, म्हणाले, दुःखात आहेत आजी. तेव्हा तांड्याच्या नायकाने वाकून तो हार तुझ्या पायांवरून उचलला आणि साहेबांच्या हातात दिला.  साहेब हार हातात घेऊन गाडीकडे चालत गेले. अख्खा तांडा त्यांच्या पाठीकडे बघत होता. ते बघायला तू हवी होतीस. आडवी पडून राहायची ती वेळ होती का गं?

दुसऱ्या सकाळी मी अजून तांड्यावरच, तर मला साहेबांचा फोन. ‘मॅडम, तिथे काही गैरसमज झालाय का? ती पोरगी काय म्हणत होती हो?’ मी म्हटलं, ‘आत्याला रडत होती, साहेब. तुम्ही समोरच बसला होता.’  मग म्हणाले, ‘रडण्यात माणूस काहीही बोलतं. तुम्ही शहाण्या आहात.’ माझ्या पगारवाढीची फाईल त्यांच्या टेबलावर आहे, तिचीही आठवण त्यांनी जाता जाता करून दिली. मी फोन ठेवला.  

तुला वाटेल, आता सगळं सोपं झालं. काही सोपं झालं नाही. तुझ्या घरची माणसं अजून पांगली नव्हती आणि त्यांच्यातच बैठक बसली. सपनाची आई म्हणे, झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरीची सोयरीक ठरत आलीय. नायक म्हणे, त्याला तांड्यावर बोलावू, चारचौघांत पाया पडायला लावू, दंड घेऊ आणि मिटवू. दंड! मी तिथे पाहुणी, पण माझ्याने राहवेना. मी म्हटलं, दंड भरून तो पुढची पोरगी गाडीत घालणार, मग काय करता? एक जण म्हणाला, ‘मॅडम, आमच्या घरची गोष्ट हाय.’ तू असतीस तर त्याला पुरून उरली असतीस. तुझी सासू कोपऱ्यात तंबाखू मळत होती. ती म्हणाली, ‘आता कायचं झाकता? तांडा बसून ऐकला ना.’ पण बायकांचं बोलणं बैठकीत धरत नाहीत. त्या रडत असतील तरच धरतात, असं दिसतं.

 सपनाच्या बापाने तिला डोंगरकड्याला घेऊन जायचं ठरवलं. मी एकटी हिंगोलीला परत आले. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, जमुने. तुझ्यासाठी की आपण हरलो म्हणून, कोण जाणे. रडताना तुला शिव्याही दिल्या. तू थांब म्हणालीस, मी थांबले, आणि आता पोरगीच गेली.

परवा सकाळी दारात सपना. सोबत बाप. त्याचे डोळे सुजलेले. मला म्हणाला, ‘मॅडम, मी आणली तिला. रातभर ती झोपली न्हाई, मला बी झोपू दिलं न्हाई.’ सोयरिकीच्या घरून फोन यायचा बंद झाला होता, हेही त्याने सांगितलं. मी कपाटातून कागद काढायला वळले, तेवढ्यात सपना म्हणाली, ‘अर्ज तुमी लिवू नका मॅडम. मी सांगते. तुमी फक्त संग चला.’

जिल्ह्याच्या समितीच्या बाई वयस्क होत्या, शांत होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. सपनाच्या बापाला बाहेर बसायला सांगितलं. सपनाला म्हणाल्या, घाई नाही, आधी काय झालं, मग काय झालं, असं क्रमाने सांगा, तुम्हाला लिहिणं जमत नसेल तर आम्ही लिहून घेतो. सपनाने सुरुवात केली, शाळेतल्या मराठीत. ‘सर तसे चांगले आहेत...’ आणि अडकली. पुन्हा तेच. ‘सर तसे चांगले आहेत, पण त्या दिवशी...’ आणि अडकली. त्या मराठीत तिला साहेबांना ‘सर’च म्हणता येत होतं, दुसरं काही म्हणता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, शांत व्हा, रडू नका, पाणी प्या. तेव्हा तिने ग्लास बाजूला सारला. ‘रडल्याबिगर सांगता येत न्हाई मला. मी रडते. तुमी लिवा.’

ती उठली आणि माझ्या गळ्यात पडली. त्या कचेरीत, पंख्याखाली, तिने हेल काढला. बाहेरून दोन-तीन माणसं डोकावून गेली. बाईंनी दार लावून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला कळतं, मी सांगते. सपना ओळ म्हणायची, मी तिच्या केसांवरून मराठीत सांगायचे, बाई लिहायच्या. ठेच्याच्या आगीने शिकवलेले तुझे शब्द, जमुने. गाडी, फायली, धुऱ्याची वाट, दार, अत्तर. तांड्यावर ऐकलेलं सगळं आलं. मला वाटलं, आता संपलं.

आणि मग एक ओळ आली, ती तांड्यावर नव्हती. आत्ये, तू शनिवारी संध्याकाळी फोन केलास. आत्ये, तू म्हणालीस, माझ्या वेळी पण गाडी त्याच वाटेला गेली होती. मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, सुजाला नाही. आत्ये, तू म्हणालीस, मी गप्प राहिले म्हणून तो रस्ता तुझ्यापर्यंत आला. तू सांग पोरी.

मी मराठीत सांगायचं थांबले.

शनिवारी संध्याकाळी. म्हणजे मी तुला बकऱ्या राखायला सांगितलं, त्याच संध्याकाळी. तू गप्प नव्हतीस. तू तुझं आयुष्यभराचं गिळलेलं बाहेर काढून त्या पोरीला देत होतीस, तिला धरून नव्हे, तुझ्या रीतीने. आणि तिला सांगितलंस, मला नाही. एका बाकावर डबा खाल्ला आपण. माझ्या बाळंतपणात तू शिरा करून आणलास, तुझा दीर गेला तेव्हा मी तुझ्या चुलीशी बसले. आणि हे मला नाही. मला वाईट वाटलं, जमुने. त्या कचेरीत, ती पोरगी माझ्या गळ्यात असताना, मला लहान पोरीसारखा तिचा हेवा वाटला. मी तुला विचारलं होतं गं. वांगी किडकी नव्हती.

बाई थांबल्या होत्या. ‘पुढे काय म्हणाली ती?’

मी सांगितलं. ओळ न् ओळ सांगितली. एवढं ऐकून बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘या आत्या कोण? त्या येतील का सांगायला?’

‘वारल्या,’ मी म्हटलं.

‘मग त्यांचं...’ त्यांनी पेन कागदापासून वर धरला. ‘त्यांचं नाव घ्यायचं का यात? त्या स्वतः तर काही बोलल्या नाहीत. घरच्यांना चालेल का?’

सपना माझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. मला तुझा आवाज ऐकू आला, अगदी फाट्यावरच्यासारखा, पलीकडच्या टपरीपर्यंत जाणारा. तिच्या अंगावरची गोष्ट हाय ती, सुजाबाई, तुझ्या न्हाई. बरोबर आहे तुझं. तुझा नवरा काय म्हणेल, तुझ्या लेकी काय म्हणतील, मला माहीत नाही. तुला विचारायची सोय नाही. तू होय म्हणाली असतीस की पदर खोचून माझ्या अंगावर आली असतीस, हेसुद्धा मला सांगता येत नाही, आणि मला वाटत होतं की मी तुला ओळखते.

मी म्हटलं, ‘लिहा. जमुना राठोड.’

बाईंनी लिहिलं. आता भांडायचं असेल तर ये.